विंचवाचं बिऱ्हाड, थंडीपुरतं

मैत्रिणींनो, घर बदलायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हो ना? बरण्या कागदात गुंडाळा, डबे बांधा, देव आधी हलवा, गॅस शेवटी सोडवा, आणि नव्या जागी गेल्यावर नेमकी सांडशीच सापडत नाही! मग दर वर्षी दिवाळी झाली की घरच मोटारीमागे जोडायचं, अडीच हजार किलोमीटर दक्षिणेला जायचं आणि एप्रिलात तसंच परत यायचं, असं कुणी सांगितलं तर? वेड लागलंय म्हणाल. मीही म्हटलं होतं, आणि तेही थोरल्या बहिणीला, फोनवर.

आमची ताई लग्न होऊन कॅनडात कॅलगरीला गेली त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तिथली थंडी म्हणजे काय ते सांगलीत बसून कळायचं नाही. पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंश उतरतो, पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ जमतो. २०१९ साली ताई त्या बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हा भाऊजींनी मनाशी ठरवलं, की निवृत्तीनंतर हिवाळा काही इथे काढायचा नाही.

माझं म्हणणं साधं होतं. "अगं, मग इकडे या की! पुण्यात तुमचा फ्लॅट आहे, तो वर्षभर कुलपात." म्हातारपणी परत यायचं म्हणून भाऊजींनी पूर्वीच घेऊन ठेवलेला, दोनच खोल्यांचा. पण ताईला दम्याची खोड. पुण्याच्या धुरा-धुळीत आठ दिवसांत छाती भरते, आणि वीस-बावीस तासांचा विमानप्रवास गुडघ्यांना सोसत नाही. हे सगळं मला कळत होतं. तरी मनात कुठेतरी लागलंच, की परक्या वाळवंटात जाऊन राहतील पण माहेरी येणार नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "तू ये आणि बघ तरी एकदा." म्हणून २०२२ ची दिवाळी उरकून, ह्यांना डब्यांच्या जागा चिठ्ठ्या चिकटवून दाखवून, मी निघाले.

थंडीत असे दक्षिणेला जाणारे लोक तिकडे हजारोंनी आहेत. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे बर्फ पडू लागला की उडून जाणारे पक्षी. कुणी फ्लॉरिडाला जातात, कुणी टेक्ससच्या टोकाला, तर कॅनडाच्या पश्चिमेकडचे पुष्कळसे अॅरिझोनाला. ही हौस आजची नव्हे. मोटारी नव्या नव्या आल्या तेव्हाच, १९१९ साली, फ्लॉरिडात टँपा गावी अशा तंबू-गाडीवाल्यांनी आपला संघ काढला होता. स्वतःला ते 'टिन कॅन टूरिस्ट' म्हणवत. पत्र्याच्या डब्यातलं खाणारे प्रवासी! आपण दशम्या बांधून निघतो, त्यांनी डबे घेतले, एवढाच फरक.

आता ट्रेलर म्हणजे काय ते सांगते. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. दणकट पिकअप गाडीच्या मागे तो अडकवायचा आणि ओढायचा. ताईचा ट्रेलर अठ्ठावीस फूट लांबीचा. एका टोकाला पलंग, मध्ये तीन शेगड्यांचा ओटा, मोरीएवढं न्हाणीघर आणि जेवायचं टेबल. रात्री ते टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की माझी पथारी तयार! गॅसचं सिलिंडर बाहेर पुढच्या बाजूला. फ्रिज गॅसवर चालतो, ऐकून मला नवल वाटलं. पण गाडी तिरकी उभी असेल तर तो नीट गार होत नाही. म्हणून मुक्कामाला पोचलं की भाऊजी आधी गवंड्यासारखी पातळी लावणार, चाकांखाली फळ्या सरकवणार, आणि मगच चहा.

पाण्याच्या टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. तिसरीबद्दल इथे फार लिहीत नाही. जाड नळी लावून ती ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते, आणि ते काम घरोघर पुरुषांकडे असतं, एवढं सांगितलं की पुरे. स्त्रीमुक्ती म्हणतात ती ही!

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. निघताना नळांत पाणी नव्हतंच. थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी रंगाचं न गोठणारं औषध भरून ठेवतात, ते ऊबदार मुलखात पोचल्यावर धुऊन काढायचं. तोवर पिण्या-धुण्याला बाटल्या. ताईच्या जिवाला खरा घोर लागला होता तो कढीपत्त्याचा. घरात खिडकीपाशी जपून वाढवलेली तिची कुंडी. पण अमेरिकेच्या हद्दीतून कढीपत्ता नेता येत नाही. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला, आणि त्यावर बसणारी एक बारीक कीड संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवते. कुंडी शेजारणीच्या हवाली केली, पाणी किती घालायचं ते तीनदा सांगून झालं. "पोरींना पाळणाघरात सोडतानासुद्धा एवढं बोलले नव्हते," ताई म्हणाली.

हद्दीवरच्या अधिकाऱ्याने भाऊजींना विचारलं, किती दिवस राहणार? याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. कॅनडाच्या लोकांना तिथे साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच राहू देतात. शिवाय इकडे त्यांच्या अल्बर्टा प्रांताचा सरकारी आरोग्य विमा चालू राहायचा तर वर्षातले किमान १८३ दिवस प्रांतात काढावे लागतात. म्हणून ताईच्या फ्रिजवर कॅलेंडर, आणि आपण दूधवाल्याचा खाडा मांडतो तशा त्यावर फुल्या.

मोंटाना प्रांतात वारा असा सुटला की ट्रेलर मागे शेपटीसारखा हलू लागला. माझा तर जीव मुठीत. भाऊजींनी हळूच वेग कमी केला, गाडी बाजूला घेतली. कारण निघालं ते घरगुतीच: जनरेटर, अवजारांची पेटी, आटा-तांदळाची पोती, सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या अंगाला रचलेलं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के ओझं पुढच्या जोडावर यावं लागतं, नाहीतर मागचा भाग झोके घेतो. भर रस्त्यात, बोचऱ्या वाऱ्यात, आम्ही दोघी बहिणींनी पोती पुढे ओढली. "मी घरीच म्हटलं होतं," ताई म्हणाली. भाऊजी गप्प.

पुढे आयडाहो, मग यूटा. सेंट जॉर्ज गाव सोडलं की रस्ता व्हर्जिन नदीच्या घळीत उतरतो. दोन्ही बाजूंना उभे तांबडे कडे, आणि मैलागणिक अंगावरचा एकेक कपडा उतरत जातो. स्वेटर गेला, शाल गेली. सहाव्या दिवशी मी साध्या सुती साडीत, अनवाणी, वाळूत उभी होते.

गावाचं नाव क्वार्ट्झसाइट. २०२० च्या जनगणनेत तिथे अडीच हजारसुद्धा वस्ती नव्हती. पण जानेवारीत बघावं! चहूकडे वाळवंटात नजर पोचेल तिथवर पांढऱ्या गाड्या. रत्न-दगडांचा बाजार भरतो, तो १९६७ पासूनचा. आपल्याकडे माघी यात्रेला राहुट्या पडतात ना, तसं वाटलं मला. फक्त देऊळ नाही. गावाबाहेरची जमीन सरकारी. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचा परवाना त्या वर्षी १८० डॉलरला होता. सात महिन्यांचं भाडं तेवढंच! अर्थात त्या पैशात मिळते ती जमीन, पाणी भरून घ्यायची जागा, कचरा आणि सांडपाणी टाकायची सोय. वीज आपली आपण, टपावरच्या सौर तावदानांतून. जानेवारीत दुपारी वीस अंशांच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरासारखी हवा. रात्री मात्र दोन गोधड्या. ताईचा दमा त्या कोरड्या हवेत जणू विसरूनच गेला.

गावच्या स्मशानात एक गमतीची समाधी आहे. दगडी त्रिकोणी मनोरा आणि टोकावर तांब्याचा उंट. १८५६ साली अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. नाव हाजी अली! मला एकदम मुंबईचा समुद्रच आठवला. तिथल्या लोकांच्या जिभेवर त्याचं झालं 'हाय जॉली'. उंटांचा प्रयोग फसला, माणूस तिथेच राहिला, १९०२ मध्ये वारला. १९३५ साली त्याच्यावर हे स्मारक बांधलं. तोही बिचारा परमुलुखातून आलेला आणि उन्हाला सवकलेला. ताई येता-जाता त्याला नमस्कार करते.

संसार कसा चालतो विचाराल, तर पहिला धडा पाण्याचा. दीडशे लिटरची टाकी तिघांना आठवडाभर. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातल्या बाईला हे कोण शिकवणार? ताटं आधी कागदाने पुसायची, मग विसळायची. भाजी धुतलेलं पाणी हात धुवायला. आंघोळीला तिकडचे लोक फवाऱ्याखाली उभे राहून नळ सारखा उघड-बंद करतात. आम्ही बहिणींनी छोटी बादली आणि तांब्या घेतला, पाच लिटरांत न्हाऊन मोकळ्या! बाजूच्या बायका तांब्या बघायला आल्या, खोटं नाही सांगत.

दुसरा धडा फोडणीचा. पहिल्याच दिवशी आत पिठल्याला फोडणी दिली आणि छताला लावलेली धुराची घंटा अशी किंचाळली की भाऊजी वाळूत उडी मारून बाहेर! तेव्हापासून फोडणी बाहेर, टेबलावरच्या सुट्या शेगडीवर. भाकरी, कुकर, चहा आत. कुकर अवश्य न्यावा; गॅस निम्मा लागतो. मिक्सर विसरा, बॅटरी बसते. दाण्याचं कूट, मेतकूट, भाजणी घरून करून न्यायची.

भाऊजी एक दिवस युमाला घेऊन गेले. हिवाळ्यात अमेरिकेला लागणारी बहुतेक पालेभाजी त्या गावाभोवती पिकते. मैलच्या मैल लेट्यूसचे वाफे. तिथून पुढे मेक्सिकोच्या हद्दीपलीकडे लॉस अल्गोदोनेस नावाचं खेडं आहे, त्यात दुकानांपेक्षा दातांचे दवाखाने जास्त. गाडी अलीकडे लावून म्हातारी माणसं चालत जातात, कवळी नाहीतर चष्मा करून चालत येतात. स्वस्त पडतं ना!

पण सगळेच हौसेने आलेले नसतात हं. २०२० साली आलेला 'नोमॅडलँड' सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातली बाई विधवा, घर गेलेलं, गाडीतच राहते. तो याच मुलखातला. मी अशा बायका पाहिल्या. साठी उलटलेल्या, जुन्या व्हॅनमध्ये एकट्या, उन्हाळ्यात कुठे कुठे हंगामी काम करणाऱ्या. आमच्यासारख्या हौशी लोकांशी त्या मोजकं बोलत. ताई त्यांच्यापैकी एकीला रोज वरण-भात द्यायची. ती डबा घासून, त्यात दोन संत्री घालून परत करायची. रिकामा डबा नाही द्यायचा, हे तिला कुणी शिकवलं असेल?

आमची सख्खी शेजारीण मात्र कॅनडाचीच. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, तरी दर वर्षी ट्रेलर एकटीने ओढत आणायची. आम्ही तिला आपसांत मास्तरीणबाई म्हणत असू. पहिल्याच आठवड्यात तिने ताईला विचारलं, "तुला हा ओढता येतो?" ताई हसली. "हे आहेत ना." मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "माझेही होते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू! पाण्याचे चार रिकामे डबे मांडून त्यांच्यामध्ये ट्रेलर मागे घालायचा. मागे घेताना सगळं उलटं होतं. चाक डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. मास्तरीणबाईंनी युक्ती सांगितली: हात स्टिअरिंगच्या वर नको, तळाशी धर. मग ट्रेलरची शेपूट जिकडे हवी तिकडे हात ने. ताईने पहिल्या दिवशी तीन डबे चिरडले. भाऊजी खुर्ची टाकून बघत, वर सूचनाही देत. मास्तरीणबाईंनी त्यांना आत चहा करायला पाठवलं. नाताळपर्यंत ताई डब्यांना धक्का न लावता ट्रेलर आत घालू लागली होती.

मकरसंक्रांतीच्या रात्री, तिळगूळ वाटून आलो त्याच रात्री, दोनच्या सुमाराला भाऊजींच्या छातीत दुखू लागलं. घामाने अंग भिजलेलं. ताईने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. मास्तरीणबाई मोठा टॉर्च घेऊन वाटेवर उभ्या राहिल्या, कारण त्या अंधारात हजारो गाड्यांत आमची सापडणार कशी? जवळच्या इस्पितळातून त्यांना फिनिक्सला हलवलं, दोनशे किलोमीटरवर. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झालेली. स्टेंट बसवला. माणूस वाचला. गजाननाची कृपा म्हणा, टॉर्चची म्हणा.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती सांगायची ताईची परवानगी मी मागून घेतली आहे. परदेशात आजारी पडलं तर प्रांताचा सरकारी विमा इस्पितळाच्या खर्चातला नावापुरता भाग देतो. म्हणून निघताना खाजगी विमा काढतात. भाऊजींनी काढला होता. पण त्यांना रक्तदाब पूर्वीपासूनचा. अशा जुन्या दुखण्याला विम्यात एक अट असते, की निघण्याआधी ठरावीक दिवस, कुठे नव्वद, कुठे एकशेऐंशी, प्रकृती 'स्थिर' हवी. गोळीचा डोस बदलला तरी ते स्थिर धरत नाहीत. भाऊजींच्या डॉक्टरांनी सप्टेंबरात डोस वाढवला होता. अर्जातल्या प्रश्नापुढे भाऊजींनी लिहिलं, 'बदल नाही'. एका गोळीच्या जागी दुसरी, त्यात काय एवढं! कंपनीने डॉक्टरांचे कागद मागवले आणि नकार कळवला.

ताईला हे सगळं इस्पितळाच्या बाकावर बसून, फोनवर कळलं. डोस वाढल्याचंही तेव्हाच. पैशांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. रात्री ट्रेलरमध्ये मला म्हणाली, "चाळीस वर्षं ह्यांच्या गोळ्यांचा डबा मी भरते. सप्टेंबरपासून हे माझ्यामागे त्यातली एक काढून दुसरी घालत होते. सांगितलं असतं तर मी निघू दिलं नसतं, म्हणून." दोन दिवस ती भाऊजींशी बोलली नाही. औषधं वेळेवर दिली, पेज भरवली, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजीच म्हणाले, "तुला बर्फात पुन्हा पडू द्यायचं नव्हतं." ती रडली, आणि मग भांडली. भांडली तेव्हा मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी भाऊजींना काही आठवडे गाडी चालवायला बंदी घातली, आणि तपासण्या फिनिक्सला. तेव्हा ट्रेलर तिकडे नेणं आलं. तो ताईने नेला! दोनशे किलोमीटरचा हमरस्ता, बाजूने मालट्रक घोंगावत जाताहेत, मी शेजारी बसून पाट्या वाचतेय, भाऊजी मागे डोळे मिटून. मला वाटलं जप करताहेत. नंतर कळलं, तिने दिलेली तंबी पाळत होते: सूचना द्यायच्या नाहीत. मुक्कामाच्या जागी तिने एका दमात ट्रेलर मागे घातला. हात तळाशी. मी महिनाअखेरीला तिथूनच विमानाने परतले.

इस्पितळाचं बिल बोलणी करून बरंच उतरलं, तरी उरलं ते लहान नव्हतं. त्या पावसाळ्यात पुण्याचा फ्लॅट विकला. व्यवहाराचे कागद घेऊन मीच कचेरीत गेले होते, मुखत्यारपत्रावर. किल्ली नव्या मालकांच्या हातात देताना ताईला फोन लावला. ती म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसते का गं अजून?" समोर इमारत झाली होती. मी म्हटलं, दिसते.

आता तुमच्यासाठी एक, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी मुलांकडे अमेरिकेला, कॅनडाला चार-सहा महिने जाता. विमा काढताना जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते मुलाकडून वाचून घ्या, आणि उत्तर कंपनीकडून लेखी मागा. निघण्याआधीच्या सहा महिन्यांत गोळी, डोस, तपासणी, काहीही बदललं असेल तर तारखेसह अर्जात लिहा. 'त्यात काय एवढं' म्हणू नका. आणि ह्यांच्या गोळ्यांचा डबा भरताना अधूनमधून डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघा. मी आल्या आल्या आमच्या ह्यांचा बघितला. हे रागावले, रागावू देत.

ट्रेलर ताईने विकला नाही. पुढच्या हिवाळ्यातही ते गेले. सगळा वेळ तीच चालवत होती आणि भाऊजी नकाशा बघत होते. मास्तरीणबाई आधीच येऊन आमची जागा दोऱ्या बांधून राखून बसल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी एक निरोप दिला होता. त्याप्रमाणे मी सांगलीच्या भांड्यांच्या दुकानातून एक मजबूत पितळी तांब्या आणून, भाच्याच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून पाठवला. बूड सपाट बघून घेतला, हलत्या घरात लवंडायला नको म्हणून.